भोक पाडलेला पेला

पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवायचे, तळहाताने दाबून पेला उलटा करायचा आणि हात काढून घ्यायचा. पाणी सांडत नाही, मुले टाळ्या वाजवतात, फळ्यावर ‘हवेला दाब असतो’ असे लिहिले जाते आणि तास संपतो. माझे म्हणणे असे की धडा इथे अजून सुरूच झालेला नसतो. मुलांनी एक नवल पाहिले, त्यांना एक वाक्यही मिळाले. पण त्या दोहोंना जोडणारा पुरावा कुठे आहे? एखादी मुलगी म्हणाली, “कार्ड ओलं होऊन काठाला चिकटलं, म्हणून पडलं नाही,” तर तिला चूक ठरवणारे त्या प्रयोगात काहीच नाही. ओले कार्ड खरोखरच चिकटते. म्हणून प्रयोग असा रचावा की तिच्या उत्तरालाही जिंकण्याची पुरेपूर संधी मिळेल. शिकवणाऱ्याचे खरे कसब मला या रचनेत दिसते.

त्यासाठी एक दाभण पुरते. प्लॅस्टिकच्या पेल्याच्या तळाला भोक पाडायचे, त्यावर बोट घट्ट दाबून तोच प्रयोग करायचा. कार्ड टिकते. मग बोट उचलायचे. कार्ड पाण्यासकट खाली येते. कार्ड तेवढेच ओले होते, काठही तोच होता. बदलले इतकेच की वरूनही हवा आत शिरली आणि पाण्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला. त्या मुलीचे निरीक्षण वाया जात नाही, कारण काठाशी असलेला पाण्याचा पातळ थर फट बुजवतो आणि हवेला आत येऊ देत नाही. पाण्याचे वजन मात्र त्याने पेललेले नसते. 7 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 38 चौरस सेंटिमीटर भरते आणि दर चौरस सेंटिमीटरवर हवा जवळपास 1 किलो वजनाइतका जोर लावते. पेल्यातल्या 200 ग्रॅम पाण्याला सावरायला तो कितीतरी जास्त आहे. एवढ्या जोराने आपण चिरडत कसे नाही, हा प्रश्न इथे येतोच आणि यायलाच हवा. शरीरातले द्रव आणि हवा तितक्याच दाबाने बाहेर रेटत असतात.

ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून वर पेला पालथा घालण्याचा प्रयोग तर अनेकदा चुकीचेच शिकवून जातो. प्राणवायू जळाला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, हे स्पष्टीकरण ऐकायला सुबक वाटते. पण एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक चढते, आणि पेल्यातला प्राणवायू काही वाढलेला नसतो. ज्योतीने तापून फुगलेली हवा कडेने बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझून उरलेली हवा निवली की आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते.

सगळ्यांत चिवट समजूत ‘ओढण्या’ची. स्ट्रॉने सरबत ओढले जाते, मोटार पाणी ओढते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मुलाला ही समजूत तपासायला घरची विहीर पुरेशी आहे. काठावर बसवलेली साधी मोटार सात-आठ मीटरपेक्षा खोल पाणी उचलत नाही. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की मोटार विहिरीत उतरवावी लागते किंवा पाण्यात बुडवून चालणारा पंप आणावा लागतो. मोटार ओढत असती तर जास्त अश्वशक्तीच्या मोटारीने काम भागले असते. भागत नाही, कारण मोटार फक्त पाइपातला दाब कमी करते आणि पाणी वर रेटते ती विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली हवा. तिची ताकद समुद्रसपाटीला 10.3 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकी, तर सुमारे 280 मीटर उंचीवरच्या अकोल्यात साधारण 10 मीटरची. त्यातलेही काही घर्षणात आणि गळतीत जाते.

उंचीबरोबर ही ताकद घटते हे 1648 साली पास्कलच्या मेहुण्याने फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन दाखवले. आपल्याला त्यासाठी चिखलदरा आहे. परतवाड्याहून वर जाताना 700 मीटरहून अधिक चढ लागतो आणि दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी होतो. खाली विकत घेतलेली चिप्सची बंद पुडी वर टम्म फुगते. यावर चोखंदळ मुलगा म्हणेल की हवा तापली तरी फुगतेच. अकोल्यात मे महिन्यात पहाटे बूच लावलेली रिकामी बाटली दुपारी घाट न चढताही ताठ होते. आक्षेप रास्त आहे, पण चिखलदऱ्याची हवा थंड. थंडीने पुडी आकसायला हवी होती, ती फुगली. उलट, वर बूच लावलेली रिकामी बाटली खाली उष्म्यात आणल्यावर ताठ व्हायला हवी, ती चेपते. दोन्ही वेळा तापमानाचा परिणाम विरुद्ध दिशेने असतो आणि तरीही दाबाचाच वरचढ ठरतो.

परीक्षेत व्याख्याच विचारतात, मग इतका वेळ कशाला, असे शिक्षक म्हणतात. त्यांची अडचण मला समजते; पण दाभणाच्या भोकाला दोन मिनिटे लागतात, आणि चिखलदऱ्याला शाळांच्या सहली तशाही जातात. फक्त पुडी फुगेल की आकसेल, आणि का, हे प्रत्येकाकडून परतवाड्यालाच वहीत लिहून घ्यावे, घाट लागण्याआधी.