अण्णा आणि तेलाचा थेंब

२००७ साली ओहायोत आम्हा चौघा मित्रांच्या मालकीचं एक विमान होतं. दचकू नका! १९७४ सालचं सेसना १७२, चौघांत वाटलं की एका बऱ्या मोटारीएवढा खर्च. इंजिन लायकमिंगचं, १५० हॉर्सपॉवरचं. त्याच्या पोटात ८ क्वार्ट, म्हणजे साधारण साडेसात लिटर तेल.

इकडच्या नियमाप्रमाणे, वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकाला काही किरकोळ कामं स्वतः करता येतात. तेल बदलणं त्यातलंच. फिल्टर असेल तर दर ५० तासांनी बदलायचं आणि लॉगबुकात लिहून सही ठोकायची.

पूर्वी आमच्या इंजिनाखाली साधा प्लग होता. वायर कापा, पाना लावा, आणि गरम तेल कोपरापर्यंत! मग मेकॅनिककडून तिथे क्विक ड्रेन बसवून घेतला. हा एक छोटासा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. खाली नळी लावायची, दांडी वर दाबून जराशी फिरवायची, की तो उघडा अडकून राहतो आणि तेल थेट बादलीत. उलट फिरवली की स्प्रिंग बंद करते. भलताच खूश होतो मी. (चाकं आत ओढून घेणाऱ्या विमानांत मात्र जपावं लागतं. पुढचं चाक वर येताना दांडीला टेकलं तर व्हॉल्व्ह हवेतच उघडायचा.)

त्या उन्हाळ्यात अण्णा साताऱ्याहून आले होते. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. त्यांना वरून ओहायो दाखवायचं म्हणून आदल्या दिवशी मी तेल बदललं, नवीन भरलं, इंजिन पाच मिनिटं चालवलं. सगळं कोरडं दिसलं.

सकाळी मी पंख, पेट्रोल, टायर तपासत होतो. अण्णा बुटक्या शिडीवर बसले होते. म्हणाले, "अरे, खाली काय पडलंय बघ." रुपयाएवढा काळा डाग. मी म्हटलं, "अण्णा, कालचं सांडलेलं असेल." ते उठले, खिशातला रुमाल काढून डाग पुसला आणि पुन्हा बसले. "थांब दहा मिनिटं."

दहा मिनिटांत नवा थेंब पडला.

मी दांडी हाताने खाली ओढून पाहिली, बंदच होती. बादली धरून क्षणभर उघडली, कचरा अडकला असेल तर वाहून जाईल म्हणून. तरी गळतच राहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मनात आलं की एवढ्याशा थेंबाने काय होतंय, अर्ध्या तासात उतरू. अण्णा एवढंच म्हणाले, "आमची गाडी थांबली तर शेजारी रस्ता असायचा."

मेकॅनिक दुपारी आला. आतली रबरी रिंग उष्णतेने कडक होऊन चिरली होती. बाहेरून पत्ता लागणं शक्यच नव्हतं. कालचं नवंकोरं तेल परत बाहेर! त्याने अख्खा व्हॉल्व्हच नवा घातला. बेताने आवळला, कारण संप ॲल्युमिनियमचा, जास्त जोर केला तर आटे जायचे. मग मिलिमीटरहून बारीक वायर पिळून बांधली, सैल व्हायला गेला तर आवळायच्या दिशेला ओढेल अशी. अण्णा चष्मा वर करून पाहत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण दोघांनी मिळून ती वायर दोनदा ओढून पाहिली.

उड्डाण झालं ते पुढच्या रविवारी. चढण्याआधी अण्णा आधी इंजिनाखाली वाकले, मग सीटवर बसले.