हाली, कळदार आणि बट्टा

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावी बसून अमेरिकेतील जुन्या राष्ट्रीय बँकांच्या नोटांचे चिंतन करावे, हे प्रथमदर्शनी विसंगत भासेल. परंतु १८६३ पासून १९३५ पर्यंत तेथील हजारो बँकांनी, त्यांत कित्येक अगदी आडगावच्या पेढ्यांनीही, आपापल्या गावाचे नाव छापून ज्या नोटा प्रसृत केल्या, त्यांचे मोल संग्राहक दर्शनी रकमेवरून न ठरविता त्या गावच्या किती नोटा उरल्या यावरून ठरवितात, हे ऐकताच मन आपल्याच जुन्या सरहद्दीकडे वळते.

आष्टी तालुका येथून दूर नाही, आणि १९४८ पर्यंत तो निजामाच्या मुलखात मोडत असे. अलीकडे इंग्रजी अमलाचा कळदार रुपया, पलीकडे हैदराबादचा हाली शिक्का. सात हालींस सुमारे सहा कळदार हा भाव, म्हणून सरहद्द ओलांडणाऱ्याच्या हिशेबात बट्टा ठरलेलाच. १९१८ च्या कायद्यान्वये निजाम सरकारने कागदी चलन सुरू केले. दहाच्या व शंभराच्या नोटा प्रथम निघाल्या, एकाच्या व पाचाच्या त्यामागून आल्या, आणि त्यांवर उर्दूच्या सोबतीस मराठी, तेलुगू व कानडी अक्षरांतही रक्कम लिहिलेली असे. रयतेच्या लिपीचा हा मान मला त्या नोटांच्या नक्षीकामाहून अधिक सुंदर वाटतो.

लंडनहून मुंबईस निघालेली ‘इजिप्त’ ही आगबोट २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली, तेव्हा सोन्यारुप्याबरोबर याच निजामी नोटा, अजून सही न झालेल्या, समुद्रतळाशी गेल्या. पुढे दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोने वर काढताना त्याही काढल्या. ज्यांनी कधी बाजार पाहिला नाही, ज्यांवर कोणी बट्टा दिला नाही, त्या डागाळलेल्या कागदांसाठी संग्राहक आज आवर्जून पैसे मोजतात. कोऱ्या करकरीत नोटेस सर्वाधिक भाव देण्याची लिलावातील रीत मला मान्य नाही. घडीच्या खुणा आणि पाण्याचे डाग हाच नोटेचा दस्तऐवज होय.

अमेरिकन नोट आपले गाव स्वतः सांगते; हाली नोट ते सांगत नाही. म्हणून ज्यांच्या वाड्यातील जुन्या दप्तरात अशी नोट सापडेल, त्यांनी ती धुऊ नये, तिच्यावर इस्त्री फिरवू नये, चिकटपट्टी लावू नये. ती कोणत्या गावी, कोणाच्या चोपडीत मिळाली, एवढे निराळ्या कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवावे, आणि विकण्याचा प्रसंग आलाच तर तो कागदही घेणाऱ्याच्या हाती द्यावा.