शंभर एमबी

काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.’ वसईत पापडीला एका डीटीपीच्या दुकानात भाचीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला गेले होते, तर सगळं दुकान त्या ओळीपुढे थबकलेलं. मालकांनी आदल्या रात्री जुनी 500 जीबीची हार्ड डिस्क काढून ठेवली होती. ती टकटक आवाज करायला लागलेली, आणि आत जुन्या पत्रिका नि बँडवाल्यांची गाणी, एवढंच. विंडोज तर नव्या एसएसडीवर होतं. सकाळी बटण दाबलं आणि ही ओळ आली.

दुरुस्तीला आलेला मुलगा विशीतला. त्याने आधी रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबरने घासली, फुंकर मारून परत बसवली. आमच्याकडे खाऱ्या हवेत हा पहिला उपाय असतो आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. इथे भागलं नाही. मग डिलीटचं बटण दाबत तो बायोसमध्ये शिरला. एसएसडी तिथे दिसत होती, क्रमही बरोबर होता.

‘‘काका, काढलेली डिस्क कुठाय?’’

मालकांनी खणातून ती काढून दिली. त्याने केबल जोडल्या, बटण दाबलं आणि विंडोज मुकाट्याने सुरू झालं. मला तो मुलगा फार आवडला. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य ज्यांच्या जिभेवरच असतं, त्यांच्यातला तो नव्हता.

झालं होतं ते असं. जुन्या डिस्कवर पूर्वी विंडोज 7 होतं. ते बसवताना स्वतःसाठी 100 एमबीचा एक छोटा कप्पा राखून ठेवतं, आणि यंत्राला जाग आणणाऱ्या फाइली त्या कप्प्यात राहतात. पुढे एसएसडीवर विंडोज 10 बसवलं तेव्हा जुनी डिस्क जोडलेलीच होती. इन्स्टॉलरला तयार कप्पा सापडला, त्याने आपल्या फाइली तिथेच ठेवल्या. म्हणजे सगळा संसार नव्या डिस्कवर आणि उंबरठा जुनीवर. 500 जीबीत 100 एमबी म्हणजे पाच हजारांत एक भाग, आणि माय कॉम्प्युटर उघडलं तर तो दिसतही नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र त्याच्यापुढे ‘सिस्टम’ असं लिहिलेलं असतं. मुलाने एसएसडीवरचं पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह केलं, बीसीडीबूटची आज्ञा देऊन त्या फाइली तिथे नव्याने लिहिल्या, आणि मगच जुनी डिस्क सोडवली.

बिनकामाचं म्हणून काढून टाकलेल्यावरच सगळं उभं असतं, हे मी आधीही पाहिलं होतं. गिरीजकडे माझ्या आजोळी बावखल होतं. वाडीच्या खोलगट कोपऱ्यातला लांबट गोल खड्डा, पावसाळ्यात काठोकाठ. जुन्या काळी त्यावर रहाट होता. मी पाहिली ती त्याची नुसती दगडी बैठक, गाडग्यांच्या ओळी फक्त आजीच्या बोलण्यात ऐकल्या. केळी, पानवेली, मोगरा, सगळ्यांना पाणी तिथून पाटाने जायचं. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की शेजारच्या वाड्यांतले पुरुष गुडघाभर चिखलात उतरायचे. गाळ टोपल्यांनी वर यायचा आणि थेट केळीच्या बुंध्याशी पडायचा. त्या दिवशी घरोघर मरळीचं कालवण. मला मरळ आवडायची नाही, पण गाळाचा तो थंड, कुजकट-गोड वास मात्र हवासा वाटायचा. आजही पहिल्या पावसात नाक तोच शोधतं.

मग विहिरीवर पंप बसला. बावखलाचं काम संपलं असं घरात सगळ्यांनाच वाटलं. शेवाळ धरलं, डास झाले, कुणाचं मूल पडेल ही धास्ती होतीच. जवळच इमारती उठत होत्या, त्यांचा राडारोडा कुठेतरी टाकायचाच होता. ट्रक आले. जागा सपाट झाली, मामाने तिथे गाडी उभी केली.

विहीर लगेच बिघडली नाही. आधी चहाची चव बदलली. मग डाळ शिजेना. मग पानवेलीच्या पानांच्या कडा करपू लागल्या, आणि तेव्हा आजी म्हणाली, पाणी मचूळ झालं.

किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर ते 1 मीटर असेल, तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत खाऱ्याला रेटून धरतं. हा हिशेब खिबेन आणि हर्झबर्ग यांनी मांडला, त्यालाही शंभराहून अधिक वर्षं झाली. वरचा तो मीटर पावसाचं पाणी जिरूनच टिकतो. ते पाणी थोपवून धरायला आमच्याकडे बावखलं होती. एकीकडे ती बुजत गेली आणि दुसरीकडे आमच्याच पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी टँकरने नव्या इमारतींना जाऊ लागलं. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच पाण्यासाठी लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. पुढे 2020 च्या जानेवारीत ते उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, महाराष्ट्राने त्यांना लेखक म्हणून डोक्यावर घेतलं. पण माझ्या लेखी त्यांचं पाण्याचं काम लेखनाच्या तसूभरही मागे नाही. 25 जुलै 2024 ला ते गेले.

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, विरारची लोकल थांबली. त्याला कारणं अनेक: भराव, अडवलेले नाले, पाणथळीवर उभी राहिलेली घरं. पण जे पाणी पूर्वी शेकडो बावखलांत उतरायचं, त्याला आता रस्त्याखेरीज जागा नाही, हेही त्यांतलं एक आहेच.

गास, निर्मळ, भुईगावकडे अजून काही बावखलं शिल्लक आहेत. तुमच्या वाडीत एखादं असेल तर यंदा पावसाआधी त्यातला गाळ काढा. सातबाऱ्यावर त्याची नोंद आहे का ते तलाठ्याकडे जाऊन बघा, आणि नसेल तर करून घ्यायच्या मागे लागा.