येताना एक फ्रेम घेऊन ये

अमरावती
ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय गड्या,

तुझं पत्र पोचलं. "लोक कार्बनच्या सायकली घेतात आणि तू लोखंडाच्या मागे लागलास, पगार थांबला का?" असं विचारलंस. पगार सुरू आहे. थांबली आहे ती सायकल, आणि ती कशी थांबली हे आधी ऐक, म्हणजे बाकीचं पत्र पटेल.

सप्टेंबरात अकोल्याला निघालो होतो. सासुरवाडी हे घरी सांगायचं कारण, खरं कारण म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास होतात. ते साडेतेरा तासांत बसवायचे, म्हणजे बीआरएमची, त्या ठरल्या वेळेतल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, घरगुती तालीम. मूर्तिजापूर सोडलं आणि उजवा पाय दाबला की 'कट्' असा आवाज यायला लागला. वाटलं पायडल असेल. मग वाटलं बॉटम ब्रॅकेट असेल, पावसात ग्रीस धुऊन गेलं असेल. बोरगाव मंजूला चहाला थांबलो, चिखल पुसायला फडकं फिरवलं आणि बोट अडखळलं. हँडलच्या खालून पायडलकडे उतरणारी जाड नळी जिथे वेल्डिंगनं जोडलेली असते, तिथून अर्ध्या बोटावर केसाएवढी काळी रेघ होती. पुसली तरी जाईना. अल्युमिनियमची फ्रेम चिरली होती. पुढे अकोल्यापर्यंत जीव मुठीत धरून, उतारावर ब्रेक दाबत गेलो, आणि सायकल घरी आली ती मेव्हण्याच्या टेम्पोत, सोयाबीनच्या पोत्यांवर आडवी होऊन.

कंपनीला लिहिलं. मुदत संपली, असं नम्र उत्तर आलं. मग आपल्या नेहमीच्या सायकलवाल्या काकांकडे नेली. तुला आठवत असतील, कॉलेजात असताना तुझ्या दादाची ॲटलस त्यांच्याकडेच असायची. आता डोळ्याला जाड भिंगं आहेत, पण हात तोच. त्यांनी नखानं रेघ खरवडली आणि म्हणाले, "याले वेल्डिंग मारून काही फायदा नाही बाप्पा. आज जोडून देतो, महिन्यानं पुन्हा पडसान. लोखंड असतं तं जोडून देल्लं असतं."

काका बरोबर बोलत होते. सायकलीचं अल्युमिनियम वेल्ड केल्यावर कारखान्यात पुन्हा भट्टीत घालून कडक करावं लागतं, ते आपल्या चौकातलं काम नाही. शिवाय अल्युमिनियमचा स्वभाव किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा. प्रत्येक खड्डा, कितीही लहान असो, मांडून ठेवला जातो आणि एक दिवस हिशेब मागितला जातो. पोलादाचं तसं नाही. एका ठरावीक मर्यादेच्या आतले धक्के ते जवळजवळ मोजतच नाही. फ्रेम त्या बेतानं बनवली असेल तर वर्षानुवर्षं निभावते, आणि मोडलीच तर पेरणीयंत्र आणि फवारणी पंप दुरुस्त करणारा गॅसवेल्डिंगवाला पितळेच्या सळईनं ती सांधू शकतो. आर्क मारणाऱ्याकडे मात्र नेऊ नये, पातळ नळी जळून भोक पडतं.

आता गंमत बघ. ज्या गावाहून तू मला हसतोयस, त्या बर्मिंगहॅमची पोलादाच्या सायकलीवर केवढी पुण्याई आहे! रेनॉल्ड्स तुझ्याच गावचे. खिळे बनवणारं घराणं. 1897 मध्ये त्यांनी अशा नळीचं पेटंट घेतलं की जी टोकाला जाड आणि मधे पातळ. ज्वारीच्या धांड्याला पेरापाशी बळ असतं, तसंच हे. फरक एवढाच की जाडी आतून, बाहेरून काही दिसत नाही. सांध्यावर ताण जास्त, म्हणून तिथे धातू. मधे ताण कमी, म्हणून तिथे बचत. चांगल्या फ्रेमच्या नळीची भिंत टोकाला 0.8 आणि मधे 0.5 मिलिमीटर असते. अर्धा मिलिमीटर! लग्नपत्रिकेचा कागद डोळ्यांसमोर आण. 1935 मध्ये त्यांनी 531 नावाचं पोलाद काढलं आणि पुढे कित्येक दशकं शर्यतीची सायकल म्हटली की तेच. टूर द फ्रान्स तर 1994 पर्यंत लोखंडावर जिंकली गेली, इंदुराईननं. तेव्हा हसू नकोस.

पण फ्रेमवरच्या असल्या आकड्यांच्या स्टिकरांनीच मला महिनाभर घोळात टाकलं. 520, 525, 725, 853, शिवाय इटलीचं कोलंबस, जपानचं टांगे. आकडा मोठा तसा भाव मोठा. शेवटी इंजिनिअरिंगची जुनी वही काढली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. पोलाद स्वस्त असो की महाग, त्याचा ताठपणा तोच. 853 काही 520 पेक्षा ताठ नाही, मजबूत आहे. मजबूत असल्यामुळे नळी आणखी पातळ ओढता येते आणि वजन वाचतं. किती, तर सबंध फ्रेममागे पाव-अर्धा किलो. तेवढी सांबारवडी तर मी वाटेत लोणीला थांबून पोटात भरतो. म्हणून ठरवलं की साधी क्रोमोली, म्हणजे 4130, दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ ओढलेली, एवढं पुरे. 725 परवडलं तर आनंद. फक्त नुसतं 'स्टील' किंवा 'हाय-टेन' लिहिलेलं नको. ते साधं पोलाद, भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि फ्रेमच तीन किलोच्या घरात जाते.

खरा प्रश्न स्टिकरचा नाहीच, टायर केवढा बसतो याचा आहे. तू गेलास तेव्हाचा हायवे विसर. 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या मापानं 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. त्या पट्ट्यावर 25 मिलिमीटरचा टायरही लोण्यासारखा पळतो. पण ट्रकांच्या त्या रांगेत रोज कोण जाईल? मी मूर्तिजापूरहून आत वळतो, आपल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या आजूबाजूनं, खेड्यांतून. तिथे सध्या अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत पडलंय, उरलेल्या अर्ध्यात खड्डे. आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणून टाकलेली काळी माती! बर्मिंगहॅमच्या चिखलावरून तिचा अंदाज करू नकोस. ती टायरला चिकटते, चाकाच्या चिमट्यात साचते, थराथरानं वाढते आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग काडी घेऊन रस्त्याच्या कडेला उकरत बसायचं. तेव्हा टायर 32 चा वापरीन, पण फ्रेममध्ये जागा 38 ची हवी, वर मडगार्डला भोकं हवीत. जुन्या शर्यतीच्या सुंदर फ्रेमा इथेच नापास होतात. त्यांत 25 च्या पुढे बोटही जात नाही.

तशी एक जुनी, परदेशी, अकोल्यात मिळत होती बरं का. निळा रंग, सांध्यांवर नक्षी, किंमत ऐकून हात खिशाकडे गेलाच होता. काकांना सोबत नेलं. त्यांनी तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बैठक मारली, खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं. मागच्या चाकाचा आस जिथे बसतो त्या एका खाचेला दोरा बांधला, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या खाचेला आणून ताणला. मग सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर पट्टीनं मोजलं. डावीकडे 29, उजवीकडे 33. काका काही बोलले नाहीत, दोरा गुंडाळून उठले. विकणारा म्हणाला, चार मिलिमीटरनं काय होतं? होतं असं की हात सोडले की सायकल दरवेळी एकाच बाजूच्या नालीकडे जाते. पोलाद आहे, वाकवून सरळ होतं हेही खरं, पण ज्यानं कुठेतरी एवढं आपटलं त्यानं आणखी काय काय लपवलं असेल?

म्हणून नवीच घ्यायची आणि फक्त फ्रेम-चिमटा. चाकं, गिअर, डिस्क ब्रेक सगळं त्या चिरलेल्या सायकलीचं शाबूत आहे. मरीनची निकासिओ क्रोमोलीची आहे आणि चांगली आहे, पण ती सबंध सायकल. दोन-दोन गिअर घेऊन काय दुकान काढू?

मापाचं सांगतो. 'मीडियम', '54' या शब्दांवर जाऊ नकोस, दर कंपनीचं मीडियम निराळं. दोनच आकडे बघ. पायडलचा आस बसतो त्या नळीच्या मध्यापासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंच, तो स्टॅक; आणि किती पुढे, तो रीच. आपण लहानपणी मोठ्यांच्या सायकलीवर कैची शिकलो, तेव्हा दोन्ही आकडे चुकलेले होते, आणखी काही नाही. मला स्टॅक 560 ते 575 आणि रीच 375 ते 380 हवा. पंचेचाळिशी उलटली, कमरेला फार वाकवत नाही आता.

आणि पायडलचा आस बसतो ती नळी आट्यांची हवी, 68 मिलिमीटर, जुन्या इंग्रजी मापाची. दाबून बसवलेल्या बेअरिंगचं नवं खूळ नको. ती कटकटतात आणि काढायची हत्यारं अमरावतीत एकाकडे असतील तर असतील. आट्यांचा बॉटम काका डोळे झाकून बदलतात. मागचा आस 12 बाय 142, ब्रेक फ्लॅट माउंट. डिस्क यासाठी की चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना रिम तापून ट्यूब फुटल्याचा अनुभव तुलाही आहे, मलाही. चिमटा कार्बनचा मिळाला तर बरा. डिस्कचा मार सोसायला लोखंडी चिमटा जाड करावा लागतो, मग तो हाताला दणके देतो. किमतीत बसत नसेल तर लोखंडीही चालेल, कुरकुर करणार नाही.

गंजाची काळजी तू करू नकोस. आठ महिने इथली हवा पापड वाळवायची, उरलेल्या चारांसाठी नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवून वाळू देणार आहे. जवस घरचं आहे.

तिकडे हॅरोगेटच्या स्पा सायकल्सकडे 725 च्या फ्रेमा असतात, त्यांना विचार. जेनेसिसच्या क्रोआ द फेरचीही काही मॉडेलं 725 ची, फ्रेम सुटी मिळते का पाहा. माझी उडी साडेचारशे पौंडांपर्यंत, पैसे तुझ्या बडनेऱ्याच्या घरी आईंकडे आधीच देऊन ठेवतो. बिल जपून ठेव, विमानतळावर विचारलं तर दाखवायला. खोक्यात भरताना मागच्या आणि पुढच्या खाचांमध्ये लाकडाचा ठोकळा बसवून घे, नाहीतर सामान फेकणारे लोक फाटे आत दाबून टाकतात आणि काकांना पुन्हा दोरा काढावा लागेल. मडगार्ड, बाटलीचा पिंजरा असलं काही आणू नकोस, इथे मिळतं.

आणि एक, विसरू नकोस. दुकानदार मदतीच्या भरात विचारेल की चिमट्याची वरची नळी मापात कापून देऊ का. त्याला म्हणावं, हात लावू नको. ती काका इथे, मी सायकलवर बसल्यावर कापतील.

तुझा,
चिरलेल्या फ्रेमचा मालक