खाडीतली बोट आणि आमचं खारवट रान



गुलाबी पक्ष्यांचे फोटो बघून काहीजण म्हणतील, ऊस-सोयाबीन सोडून हा गडी पक्ष्यांच्या मागं कुठं लागला. थांबा. हे सगळं मातीचंच आहे. आमच्या खालच्या पट्टीचा माती रिपोर्ट मागच्या महिन्यात टाकला होता, आठवत असेल. सामू ८.१, ई.सी. ७.८. सामू साडेआठच्या आत, ई.सी. चारच्या वर आणि सोडियमचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आत, म्हणजे ही जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नव्हे. त्यावर बऱ्याच जणांनी जिप्सम टाका म्हणून सांगितलं. जिप्सम चोपण जमिनीला. क्षारयुक्त जमिनीतलं मीठ पाण्यात विरघळतं, ते पाण्याबरोबरच बाहेर काढावं लागतं, आणि बाहेर काढायला वाट लागते. आमच्याकडं नाही ती वाट.

शिरोळ तालुक्यातल्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको. आमचं दोन एकर रान उतरणीच्या खालच्या अंगाला. वरच्या पन्नास एकरांचं पाझरलेलं पाणी आमच्याकडं येऊन बसतं. पलीकडं ओढा आहे, हाकेच्या अंतरावर. पण ओढा आणि आमच्यामध्ये अठरा गुंठ्यांची एक पट्टी आहे, ती आमच्या चुलतभावाची, आण्णांची. सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा तर शेवटची साधी पाइपलाइन त्या अठरा गुंठ्यांतून ओढ्याला काढावी लागते. आण्णा चाळीस वर्षांपूर्वी मुंबईला गेले, भांडुपकडच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं, आता रिटायर होऊन कांजूरमार्ग पूर्वेला राहतात. फोनवर विचारलं की "बघू" म्हणायचे. भावकीत "बघू"चा अर्थ काय असतो, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून फेब्रुवारीत ऊस तुटून गेल्यावर मिरजेहून महालक्ष्मी पकडली, कल्याणला उतरलो आणि लोकलनं कांजूर गाठलं.

पहिल्या रात्री विषय निघालाच नाही. पुतण्या नुकताच थायलंडला जाऊन आला होता, त्याचे व्हिडिओ टीव्हीवर लावले होते. फुकेतहून सकाळी स्पीडबोट निघते, तीन-चार इंजिनं मागं लावलेली, गाइड माइकवर बोलतोय, दिवसभरात पाच-सहा बेटं. पाणी निळंशार. (आपल्याकडं खतवाल्यांच्या स्कीममध्ये दुकानदार थायलंडला जातात ना, त्यांच्या स्टेटसला असते तीच ही बोट.) मला त्यातली एक गोष्ट मात्र धरून ठेवावीशी वाटली. माया बे नावाचा तिथला एक किनारा २००० साली एका इंग्रजी सिनेमात आला आणि जगभर गाजला. पुढं दिवसाला हजारोंनी माणसं येऊ लागली, बोटींच्या नांगरांनी खालची प्रवाळं मोडली. शेवटी सरकारनं जून २०१८ मध्ये तो किनारा बंदच केला. उघडला तो जानेवारी २०२२ मध्ये. आता बोटी पुढच्या बाजूनं आत सोडत नाहीत, मागच्या धक्क्याला लावतात, माणसंही मोजून सोडतात. बंदच्या काळात शार्कची पिल्लं परत उथळ पाण्यात फिरू लागली म्हणे. आण्णा म्हणाले, "म्हंजे रान पड टाकलं." मी म्हटलं, बरोबर. पण पड टाकून सुधारणारं रान वेगळं आणि आमचं वेगळं. आमचं दोन वर्षं पडच आहे, सुधारत नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत.

सूनबाई हुशार. तिनं ओळखलं की दोघं म्हातारे घरात बसून एकमेकांकडं बघत बसणार. तिनं ऐरोलीच्या वन विभागाच्या केंद्रातून खाडीतल्या बोटीची तिकिटं काढली. "दादा, आपलं थायलंड इथंच आहे," म्हणाली.

कांजूरहून ऐरोली लांब नाही. हायवेनं मुलुंडपर्यंत जायचं, खाडीवरचा पूल ओलांडला की झालं. बोटीची वेळ रोज बदलते, भरती-ओहोटी बघून ठरवतात. पाणी फार उतरलं तर बोट गाळात बसते आणि फार चढलं तर पक्ष्यांना उभं राहायला चिखल उरत नाही. स्पीडबोट वगैरे काही नाही, साधी इंजिनाची बोट, सगळ्यांना लाइफ जॅकेट. बरोबर गाइड होता, खाडीकाठच्या गावातलाच कोळ्याचा तरुण पोरगा. त्याचे आजोबा इथंच जाळं टाकायचे. बोलायला अगदी मोकळा. मला असा माणूस मिळाला की मी सोडत नाही.

ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. तिचा काही भाग, सुमारे १६९० हेक्टर, ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. आपल्या राज्यात समुद्री अभयारण्य म्हणून मालवणनंतर हे दुसरं. २०२२ मध्ये रामसर यादीतही खाडीचं नाव आलं. वर हायटेन्शनच्या तारा, पुलावरनं धावणाऱ्या गाड्या, पश्चिमेला भांडुप-कांजूरच्या उंच इमारती, आणि मध्ये हे.

जेटी सोडायच्या आधी त्या पोरानं तिवराची एक फांदी वाकवली. पान तोडू दिलं नाही, नुसतं बोट फिरवून जिभेला लावायला सांगितलं. खारट! पानावर मिठाचे बारीक कण. तिवराचं झाड खारं पाणी मुळातून घेतं आणि नको असलेलं मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळाची तऱ्हा दुसरी. ते बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं, आत येऊच देत नाही. कांदळाची बी झाडावर असतानाच उगवते, लांब शेंगेसारखं रोप लोंबतं आणि तयार झालं की खाली चिखलात पडतं. आण्णा म्हणाले, "नर्सरीचा खर्च वाचला." पांढरी चिप्पी म्हणून एक जात आहे, ती २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे, हे मला माहीत नव्हतं.

मला मात्र मुळंच बघायची होती. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं वर आलेली. ही श्वास घ्यायची मुळं. चिखलात हवा नसते म्हणून झाड नाकं वर काढून बसतं. पाणी साठलेल्या रानात उसाची मुळं काळी पडून कुजतात ते याच कारणानं, हवा नाही म्हणून. आपल्या उसाला वर काढायला नाक नाही, एवढाच फरक. समुद्राच्या पाण्याची ई.सी. पन्नासच्या आसपास असते. ऊस पावणेदोनच्या पुढं उतरायला लागतो आणि दहाला निम्मा होतो. कुठं पन्नास आणि कुठं पावणेदोन.

मग पक्षी दिसले. आधी लांब एक फिकट गुलाबी रेघ. जवळ गेल्यावर त्या रेघेला पाय फुटले. रोहित म्हणा, अग्निपंख म्हणा, हजारोंनी. नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात, बरेचसे कच्छकडं. २०१९ च्या गणनेत लाखाच्या वर भरले होते. इंजिन बंद केलं तर नुसता गलबलाट, बाजारात लांबून ऐकू येतो तसा. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात, पाणी आत ओढतात, गाळतात आणि बाहेर टाकतात. छोटा रोहित मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ खातो. भातवाल्यांनो, तेच शेवाळ, जे भातखाचरात नत्रासाठी वापरतात. रंगसुद्धा त्या खाण्यातूनच येतो, पिल्लं राखाडीच असतात.

एवढं शेवाळ येतं कुठनं, असं मी विचारलं. पोरगा जरा हसला. शहराचं सांडपाणी येतं खाडीत, म्हणाला. नत्र आणि स्फुरद. म्हणजे युरिया-डीएपी जास्त झाल्यावर शेततळं हिरवं होतं, तेच मोठ्या मापानं. पक्ष्यांना मेजवानी झाली, पण त्याच्या आजोबांना मिळणारी मासळी आता नाही, हेही त्यानंच सांगितलं, तेवढ्याच सहज. मला ते काही बरं वाटलं नाही. फोटोत मात्र नुसतं गुलाबी दिसतं. आणि मे २०२४ मध्ये याच पक्ष्यांचा एक थवा घाटकोपरवर उतरणाऱ्या विमानाला धडकला, चाळीसच्या आसपास मेले.

येताना पाणी उतरायला लागलं होतं. कडेचे छोटे ओघळ सगळे खाडीकडं वाहत होते आणि उघड्या चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. पोरगा म्हणाला, दिवसातून दोनदा पाणी येतं, दोनदा जातं. उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक. कुणी बांध घालून हे येणं-जाणं अडवलं की आतली तिवरं मरतात. खाऱ्या पाण्यातलं झाड खारेपणानं मरतं. कारण साठलेलं पाणी उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं राहून वाढत जातं.

मी आण्णांकडं बघितलं. ते पाण्याकडं बघत होते.

परत कांजूरला येताना हायवेच्या कडेला त्यांनीच मिठागरं दाखवली. आता बरीचशी बंद पडलीत. कांजूर, भांडुप, मुलुंडची मिळून सुमारे २५६ एकर धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, त्यावर वाद चालू आहे. पण आण्णा नवीन आले तेव्हा इथं मिठाचे पांढरे ढीग असायचे. पद्धत त्यांनीच सांगितली. उधाणाला पाणी आत घ्यायचं, दार बंद करायचं, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत ऊन द्यायचं. पाणी जातं, मीठ उरतं.

"म्हंजे तुझं रान तेच की," एवढं बोलून थांबले.

मी बोललोच नव्हतो हो, त्यांच्याच तोंडून आलं. बांधाच्या एका बाजूला तिवर, तीही खाऱ्या पाण्यात, पण हिरवीगार. दुसऱ्या बाजूला मिठागर. पाणी एकच. एकीकडं त्याला जायला वाट आहे, दुसरीकडं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा. आमच्या विहिरीच्या पाण्याची ई.सी. १. म्हणजे एका लिटरात साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. पाटानं एकरी ८ सेंटिमीटर पाणी बसतं असं धरलं तर ३२० घनमीटरच्या वर पाणी, म्हणजे एका पाळीला दोनशे किलो क्षार. पन्नास किलोची चार पोती! वर्षाला वीस पाळ्या धरल्या तर एकरी चार टन. पावसानं काही खाली धुतलं जातं, पण खाली पाणी तुंबलेलं असेल तर ते जाणार कुठं? उन्हाळ्यात परत वर येतं आणि वरंब्यावर पांढरं फूल धरतं. ठिबकनं पाळीचं माप कमी होतं, भर घालायचा वेग कमी होतो, पण आधीचं साठलेलं ठिबकनं निघत नाही.

आण्णांनी कागद उचलून चष्म्याजवळ नेला.

"पाइप किती खोल?"

"चार फूट. तुमच्या पट्टीत तर भोकाची नाहीच, साधी पाइप. वरनं नांगर चालतो."

"आणि उद्या पोरगं म्हणालं इकायची, तर?"

खरी गाठ इथं होती. पुतण्याला ती पट्टी विकायची आहे, आणि खालनं दुसऱ्याची पाइप गेलेली जमीन घेणारा भाव पाडतो. हे खोटं नाही. मी म्हटलं, कागद करू. पाइपची जागा नकाशावर दाखवू, दुरुस्तीचा खर्च माझा, आणि त्यांच्या अठरा गुंठ्यांतही एक सच्छिद्र ओळ माझ्या खर्चानं टाकू, कारण त्यांचं रानही कडेनं पांढरं पडायला लागलंय. विकायची वेळ आलीच तर पहिल्यांदा मला विचारायचं. वहिनी आतनं म्हणाल्या, "आईच्या नावची हाय ती पट्टी, इकायची कुणी नावं काढू नका." पुतण्या मोबाइलमध्ये होता. ऐकत होता, पण बोलला नाही.

आण्णा मला स्टेशनवर सोडायला आले. "सही करतो असं म्हणत नाही. मे महिन्यात येतो, लेव्हल माझ्यासमोर धर," एवढंच म्हणाले.

मधल्या काळात मी माझ्या बाजूची लेव्हल धरून घेतलीय. रानाच्या वरच्या टोकापासून ओढ्याच्या तळापर्यंत साडेसहा फूट उतार मिळतो. चार फुटांवर पाइप ठेवूनही तोंड ओढ्याच्या उन्हाळी पाण्याच्या वर राहतं. २०१९ सारखा पूर आला तर तोंड बुडणार, म्हणून तिथं झडप बसवावी लागेल. ओळींतलं अंतर आमच्या काळ्या जमिनीला ७५ फूट धरलंय. जिल्ह्यात कुणी याच प्रकारच्या जमिनीत ७५ ऐवजी १०० फुटांवर टाकून तीन-चार वर्षं झाली असतील तर आधीची आणि आत्ताची ई.सी. दोन्ही कळवा, एका ओळीचा खर्च वाचतोय का ते बघायचं आहे. आण्णा यायच्या आत कोटेशन हातात पाहिजे.