पात्रतेचा दाखला

प्रवेश आणि पात्रता ही शब्दांची जोडी इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, या दोहोंच्या मध्ये एक तिसरे माणूस बसलेले असते याचा विसर पडतो. ते माणूस म्हणजे पारखी. अर्जदाराजवळ काय आहे, यापेक्षा पारख्याला त्यात काय दिसते, यावरच पुष्कळदा विद्येचे दार उघडते किंवा मिटते. सामान्य गुणांच्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही; परंतु असामान्य गुणांचा विद्यार्थीही त्यातून सुटत नाही, हे बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पूर्वेतिहासातील एका प्रकरणावरून दिसून येते.

जमशेटजी टाटांच्या संकल्पातून निर्माण झालेल्या आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या भूमीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेत १९११ साली विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली, ती अवघी २४ जणांची. लोक तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ याच नावाने ओळखत. मुंबईचे नारायणराव भागवत आणि त्यांचे बंधू माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही याच संस्थेचे विद्यार्थी. तेव्हा नारायणरावांच्या कन्येने, कमला भागवत यांनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा गुणानुक्रमे पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन संशोधनासाठी बंगलोरला अर्ज करावा, हे घराण्याच्या परंपरेला धरूनच होते. मराठी वाचकाला हे घर अधिक परिचित आहे ते त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांच्यामुळे.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळून तीनच वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते, विषयाचे नव्हते. संशोधन हे स्त्रियांच्या आवाक्यातील काम नव्हे, अशी त्यांची धारणा होती. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. कोणत्या नियमान्वये आपल्याला वगळले जाते, हा त्यांचा प्रश्न होता. आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांनी संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह आरंभिला. तो काळच सत्याग्रहाचा होता.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण सशर्त. पहिले वर्ष त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत होणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही अट होती. यांतली शेवटची अट विचार करण्याजोगी आहे. इतरांचे चित्त ढळले तर अपात्र ठरणार होती ती मात्र एकटी मुलगी! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. उत्तरायुष्यातही त्यांनी तो स्पष्ट शब्दांत बोलून दाखविला. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. संस्था त्या काळी स्वतः पदवी देत नसे; त्यामुळे १९३६ मध्ये कमलाबाईंना एम.एस्‌सी. मिळाली ती मुंबई विद्यापीठाची.

या प्रकरणात रामन यांना केवळ खलपुरुष ठरविणे सोपे आहे; परंतु त्याने फारसे काही हाती लागत नाही. त्यांचे स्वतःचे चरित्र अधिक बोलके आहे. कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपदासाठी परदेशी शिक्षणाची अट होती. रामन त्या वेळी अर्थखात्यात अधिकारी होते; परदेशी शिक्षण त्यांच्याजवळ नव्हते, आणि ते घ्यायला जाण्याची त्यांची तयारीही नव्हती. आशुतोष मुखर्जींनी अट बाजूला सारली आणि माणूस निवडला. १९१७ साली रामन त्या पदावर रुजू झाले. कागदापलीकडचे पाहणारा पारखी ज्याला लाभला, त्यालाच स्वतः पारखी झाल्यावर कागदावरचे पहिले स्थानही दिसू नये, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे हॉपकिन्स यांच्या विभागात जागेची अडचण होती. तेव्हा डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल दिवसा त्यांना वापरायला दिले. १९३९ मध्ये अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हा त्या प्रबंधाचा विषय. विज्ञानशाखेतील डॉक्टरेट मिळविणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर दीर्घकाळ संशोधन केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

दार उघडले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. १९४० साली ॲना मणी याच संस्थेत, रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर पाच वर्षे काम करून त्यांनी १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण त्यांच्याजवळ एम.एस्‌सी.चा दाखला नव्हता. बी.एस्‌सी. ऑनर्सच्या बळावर ज्यांना संशोधनवृत्ती मिळाली, त्यांना काम पूर्ण झाल्यावर अपुऱ्या दाखल्याची आठवण करून देण्यात आली. मणी पुढे पुण्याच्या वेधशाळेत हवामानमापनाच्या उपकरणांची उभारणी करून मोठ्या झाल्या, पण डॉक्टर झाल्या नाहीत.

एकीजवळ दाखला होता, तो पुरला नाही. दुसरीजवळ काम होते, तेही पुरले नाही. गुणवत्तेच्या नावाने होणाऱ्या निवडीत गुणवत्ता हा एकच घटक कधीच नसतो. म्हणून उमेदवाराच्या पात्रतेची चर्चा करताना पारख्याच्या पात्रतेचीही चर्चा व्हावयास हवी. रामन यांनी निदान एक वर्षाची मुदत दिली आणि वर्षाअखेर पुरावा मान्य केला. ज्यांना ही मुदतही मिळाली नाही, त्यांची नावे कोणत्याही संस्थेच्या इतिहासात सापडत नाहीत.