क्लास लावण्याआधी एक पेपर सोडवा

दिवाळीनंतर हरभरा-गव्हाच्या बियाण्याची चौकशी करायला येणारे शेतकरी अलीकडे उठता उठता आणखी एक प्रश्न विचारतात. "साहेब, सीईटीचा क्लास कुठे लावावा?" मी कृषी विस्तार अधिकारी, खताची मात्रा सांगणारा माणूस. पण बी. एस्सी. ॲग्री झालेल्याला कॉलेजचे सगळे ठाऊक असते, असा लोकांचा समज. आणि खेड्यात विचारायला दुसरे असते तरी कोण?

मागे एक दादा असेच आले. चार एकर रान, त्यातले एकच विहिरीच्या पाण्याखालचे. मुलगी बारावी शास्त्र शाखेत, एसटीने तालुक्याला जाते-येते. शेवटच्या सहा महिन्यांसाठी तिला शहरात खोली आणि क्लास करून द्यायचा होता आणि त्यासाठी तेच पाण्याखालचे एकर गहाण टाकायचे म्हणत होते. म्हातारी आई घरात कडाडत होती, "पोरीसाठी कोणी रान गहाण टाकतं का?" मुलगी सोबत आली होती, पण एक शब्द बोलली नाही.

मी म्हटले, "दादा, माती तपासल्याशिवाय मी कधी खत सांगतो का? आधी तिला घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवू द्या."

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचा हा सीईटीचा पेपर २०० गुणांचा असतो. २०२५ साली भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना वेगळी ९० मिनिटे, आणि प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवरचे, बाकीचे बारावीवरचे.

मुलीला ७२ गुण पडले. बापाचा चेहरा उतरला. पण आम्ही चुकलेल्या प्रश्नांचे ढीग केले, तेव्हा खरी गोष्ट कळली. मुळीच न शिकलेले थोडे होते. शिकून विसरलेले फार, आणि त्यातही अकरावीचे जास्त, कारण अकरावी आपल्याकडे सगळेच हलक्यात घेतात. शिवाय चाळीसेक प्रश्न तिने कोरेच सोडले होते, चुकले तर गुण कापतील या भीतीने. या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे हातचे गेलेले दाणे. (नीटचे तसे नाही हो. तिथे चुकल्यावर एक गुण जातो, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका.)

मग तिने अभ्यासाची रीतच बदलली. धडा चार वेळा वाचायचा नाही. एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि आठवून लिहायचे. चुकलेले गणित वेगळ्या वहीत उतरवायचे, तीन दिवसांनी पुन्हा करायचे, आठवड्याने पुन्हा. हे माझ्या मनचे नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. नुसते पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होते, पण आठवड्याने उलटे झाले. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, तर एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पोरगं पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं की आपल्याला समाधान वाटतं, पण ते समाधान आपलं असतं, गुण त्याचे वाढत नाहीत.

शिकवणीचेही सांगतो. गावातच एम. एस्सी. झालेला एक तरुण नोकरीची वाट बघत होता. चार घरांनी मिळून त्याला महिन्याचे ठरावीक पैसे दिले. फुकट करून घेऊ नका, फुकटच्या शिकवणीला पाऊस आला की सुट्टी मिळते. तो आठवड्यातून तीन संध्याकाळी यायचा, आधी मुलांच्या चुकांच्या वह्या बघायचा आणि तेवढेच शिकवायचा. मी क्लासच्या विरोधात नाही. चुका बघणारा, पेपर तपासून देणारा क्लास मिळाला तर जरूर लावा. पण दोनशेच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाची चूक कोणाला दिसणार?

घरच्यांचाही वाटा असतो. परीक्षा एप्रिल-मेमधली, आणि तेव्हाच आपली लगीनसराई. रात्रपाळीची लाईट आली की मोटार चालू करायला कॉलेजच्या पोरालाच उठवायचे, आणि पोरगी असेल तर पहाटे पाण्याला नि संध्याकाळी भाकरीला तीच. या घरात बापाने रात्रीचे पाणी स्वतःकडे घेतले. संध्याकाळचा स्वयंपाक आईने सांभाळला. पाहुण्यांच्या दोन लग्नांना मुलगी गेली नाही, त्यावरून भावकीत बोलणी झाली ती झालीच.

दर रविवारी एक पेपर, ठरल्या वेळेत. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेमुळे खंड पडला. एप्रिलच्या शेवटच्या पेपरात तिला १२१ पडले. रसायन शेवटपर्यंत कच्चेच राहिले, ते काही जमले नाही. निकालात गुण नव्हे, पर्सेंटाइल कळते, म्हणजे शंभरातल्या कितीजणांच्या बरोबरीने किंवा पुढे आपण आहोत ते. तिला कृषी अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. रान गहाण पडले नाही. म्हातारी आता धाकट्या नातवाला विचारते, "तुझी चुकांची वही कुठाय रं?"